किती म्हणजे किती?

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याची कृती वाचताना आपण पावसाळ्यातल्या सर्दीवरचा काढा करतोय असंच वाटतं. गवती चहाची पाती धुवायची, कातरायची, पाण्यात उकळायची, गाळायची. मग तो काढा सोन्याच्या क्षाराच्या पिवळट पाण्यात ओतायचा आणि वाट पाहायची. हळूहळू पाण्याचा रंग पालटतो. त्यातला एक थेंब सुकवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सोन्याचे सपाट, रेखीव त्रिकोण दिसतात. शंकरपाळे त्रिकोणी कातले असते तर असेच दिसले असते. जाडी मात्र दहा-पंधरा नॅनोमीटर.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि पेशीतल्या डीएनएच्या दोरीची रुंदी भरते दोन. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटरमध्ये ज्याची निदान एक बाजू बसते, तो पदार्थ नॅनो. सरकारी मराठीत याला ‘अब्जांश’ म्हणतात. शब्द छान आहे, पण बोलताना सगळे नॅनोच म्हणतात, आणि आपल्याकडे नॅनो म्हटलं की अजूनही आधी ती लाखाची मोटार आठवते. असो.

ते त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. तेच सोनं वीसेक नॅनोमीटरच्या गोळ्यांच्या रूपात पाण्यात तरंगत ठेवलं, तर पाणी कोकम सरबतासारखं लालचुटूक दिसतं. मायकल फॅरेडे यांनी १८५७ साली अशा सोन्याच्या लाल पाण्यावर व्याख्यान दिलं होतं. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. म्हणजे सोनं तेच, अणू तेच. पण पेढीवर पिवळं, बाटलीत लाल आणि गवती चहाच्या काढ्यात आणखीच निराळं.

नुसत्या आकारमानाने रंग इतका पालटत असेल, तर बाकीचा स्वभाव तसाच राहील कशावरून? फुप्फुसात, रक्तात, नदीच्या गाळात हा कण गेला, तर तो ‘सोन्यासारखाच’ वागेल याची खात्री कोणी द्यायची? हा प्रश्न विचारणारं शास्त्र अजून तरुण आहे, जेमतेम पंचवीस वर्षांचं. मला ते त्या त्रिकोणांइतकंच विलक्षण वाटतं, कारण ते अडलं आहे ते एका अगदी घरगुती शब्दावर: किती?

विषाचा विचार आपण नेहमी वजनात करतो. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससने सांगून ठेवलं की मात्रेनेच विष ठरतं, आणि तेव्हापासून वैद्यापासून अन्न निरीक्षकापर्यंत सगळे मिलिग्रॅमची भाषा बोलतात. वजन सांगितलं की काम झालं. कुठल्याही बाटलीवरचं लेबल पाहा, दिवसाला इतके मिलिग्रॅम, किलोमागे इतके मायक्रोग्रॅम.

आता एक सेंटिमीटर बाजूचा साखरेचा चौकोनी खडा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणून पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. टपालाच्या एका तिकिटाएवढा. हा खडा कापत कापत एकेक नॅनोमीटरच्या चौकोनांपर्यंत नेला, तर साखरेचं वजन गुंजभरही वाढणार नाही, पण सगळ्या तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग होईल सहा हजार चौरस मीटर. दीड एकर! खिशातल्या खड्यात दीड एकर जमीन दडलेली असते, फक्त ती उलगडावी लागते. आणि कुठलीही रासायनिक क्रिया घडते ती पृष्ठभागावरच. आतले अणू चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी धरून ठेवलेले, ओट्यावर बसलेल्या अणूंचा एक हात मात्र मोकळा. तीस नॅनोमीटरच्या कणात शंभरातले पाचेक अणू असे ओट्यावर असतात, तीन नॅनोमीटरच्या कणात जवळजवळ निम्मे. डब्याचं ॲल्युमिनियम जन्मभर स्वयंपाकघरात निमूट पडून राहतं, आणि त्याचीच बारीक पूड अग्निबाणाच्या इंधनात घालतात, ती याच कारणाने.

अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात गुंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर एक तुलना केली होती. पदार्थ एकच, टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. एका गटाला वीसेक नॅनोमीटरचे कण, दुसऱ्याला अडीचशे नॅनोमीटरचे. वजन सारखं. बारीक कणांनी फुप्फुसात कितीतरी जास्त दाह केला. वजनाच्या हिशेबात हे दोन वेगळे पदार्थच वाटत होते. पण आलेखाच्या आडव्या रेषेवर वजनाऐवजी कणांचा एकूण पृष्ठभाग मांडला, तेव्हा दोन्ही गटांचे ठिपके एकाच वक्रावर येऊन बसले. मात्रा मोजायला आपण चुकीची फूटपट्टी घेतली होती, एवढंच.

पण याने प्रश्न सुटला म्हणावं, तर तेही नाही. काही पदार्थांना पृष्ठभाग लागू पडतो, काहींना कणांची संख्या, विरघळणाऱ्या कणांना पुन्हा वजनच. दहा मायक्रोमीटरचा धुळीचा एक कण आणि दहा नॅनोमीटरचे एक अब्ज कण यांचं वजन अगदी सारखं. तराजूला दोन्ही एकच. फुप्फुसाला मात्र एक पाहुणा येणं आणि अब्जाची वरात येणं यांत फरक करावाच लागतो. संशोधनाची पहिली गरज इथेच उभी राहते. कोणत्या पदार्थासाठी ‘किती’ कशात मोजायचं, हेच आधी ठरवायला हवं.

बरं, मोजायचं ठरवलं तरी दिसायला तर हवं. दृश्य प्रकाशाच्या लहरीच चारशे ते सातशे नॅनोमीटर लांबीच्या, त्यांच्या चिमट्यात वीस नॅनोमीटरचा कण सापडणार कसा? याचं उत्तर एका स्कॉटिश माणसाने दिलं, तेही नॅनो हा शब्द कोणाच्या ध्यानीमनी नसताना. फॉलकर्क गावच्या जॉन एटकिन यांना ढगांचा नाद होता. ढगातल्या प्रत्येक थेंबाच्या पोटात धुळीचा एक कण असतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मग त्यांनी डबीतच ढग करायचं ठरवलं. दमट हवा डबीत घ्यायची, पंपाने एकदम पसरवायची, ती गार पडते, अदृश्य कणाभोवती पाणी जमून टपोरा थेंब होतो आणि चौकटी आखलेल्या चकचकीत पट्टीवर पडतो. भिंगातून थेंब मोजा, म्हणजे कण मोजले! १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे उपकरण केलं आणि ते घेऊन डोंगरमाथे गाठत हवेतली धूळ मोजली. आज प्रयोगशाळांत लाखो रुपयांचे कणमापक असतात. त्यांत पाण्याऐवजी बहुधा ब्युटॅनॉल या अल्कोहोलची वाफ असते, डोळ्यांच्या जागी लेसर असतो. तत्त्व तेच, डबीतला ढग.

या ढगाची एक मोठी अडचण आहे. तो जात विचारत नाही. कार्बनच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात हे यंत्र ठेवलं आणि शेजारी कोणी उदबत्ती लावली, तर यंत्र उदबत्तीचे कणही तितक्याच प्रामाणिकपणे मोजतं. गॅसवर फोडणी घातली तर स्वयंपाकघरातल्या एका घनसेंटिमीटर हवेत लाखभर अतिसूक्ष्म कण सहज भरतात. आजीने एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून जमवलेलं काजळ हेही वीस ते पन्नास नॅनोमीटरच्या कार्बनकणांच्या माळांचंच असतं. म्हणजे माणूस नॅनोकणांत चुलीच्या शोधापासून राहतो आहे. नवीन आहेत ते मुद्दाम घडवलेले, एकसारखे, कशाचा तरी लेप दिलेले कण, आणि ते या जुन्या धुरातून वेगळे काढणं म्हणजे आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात एक ओळखीचा चेहरा शोधणं. त्यासाठी हवा गाळणीवर धरायची, गाळणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची, एकेक कण पाहायचा आणि त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते तपासायचं. काम चोख होतं, पण निकाल येतो तेव्हा कामगार पाळी संपवून कधीच घरी गेलेला असतो.

गाळणी म्हटल्यावर एक गंमत सांगायलाच हवी. मास्कमधून सर्वांत बारीक कण सर्वांत सहज निसटत असतील, असं कोणालाही वाटेल. चाळणीचा न्याय तोच. पण मास्क चाळणी नसतोच. तो तंतूंचं जंगल असतो. मोठे कण वळणावर वळता न आल्याने तंतूला धडकतात. फार बारीक कणांना हवेचे रेणू इकडून तिकडे ढकलत असतात, ते झिंगल्यासारखे भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतातच. निसटतात ते मधले. साध्या तंतुमय गाळणीत हा ‘मधला’ आकार तीनशे नॅनोमीटरच्या आसपास असतो, विद्युतभारित तंतूंच्या मास्कमध्ये त्याहून बराच खाली. आणि आपलं फुप्फुसही याच नियमाने चालतं. तीनशेच्या आसपासचे बरेच कण श्वासाबरोबर आत जाऊन तसेच बाहेर येतात. वीसेक नॅनोमीटरचे मात्र थेट खोल वायुकोशांत जाऊन बसतात, निम्म्याच्या आसपास. त्याहून खूप बारीक, एखाद-दोन नॅनोमीटरचे, बहुतेक नाकातच अडकतात. नाकात अडकले म्हणजे सुटलो, असंही नाही. ओबरडॉर्स्टर यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की उंदरांनी हुंगलेले कार्बनचे कण वासाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूच्या गंधकंदापर्यंत पोचले. माणसात हे कितपत घडतं, हा पुढच्या संशोधनातला मोठा प्रश्न.

आकाराचं झालं, आता घडणीचं. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या पोकळ नळ्यांचं वर्णन केलं आणि पदार्थशास्त्रात धमाल उडाली. पोलादापेक्षा कितीतरी चिवट आणि वजनाला हलक्या. सायकलच्या सांगाड्यापासून बॅटरीपर्यंत त्या सगळीकडे शिरल्या. पण फुप्फुसांच्या डॉक्टरांना त्यांचे फोटो पाहून दुसरंच काही आठवलं. लांब, बारीक, ताठ, न विरघळणारे तंतू. ॲसबेस्टॉस.

आपल्याकडे चाळीवरचा सिमेंटचा पत्रा कोणाला माहीत नाही? त्यातले तंतू घातक का, याचं कारण विलक्षण साधं आहे. फुप्फुसात शिरलेली घाण साफ करायला भक्षक पेशी असतात. त्या दहा-वीस मायक्रोमीटरच्या. तंतू त्याहून लांब असला तर पेशी तो अर्धा गिळते, अर्धा बाहेर राहतो. उसाचं अख्खं कांडकं तोंडात घेतलेल्या पोरासारखी तिची गत होते. गिळवत नाही, टाकवत नाही. ती तिचे पाचक रस बाहेर सांडत राहते, शेजारच्या ऊती पोळतात आणि हे वर्षानुवर्षं चालतं. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तंतू शिरल्यावर वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो.

२००८ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने लांब, सरळ नळ्या उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या. अस्तराला लांब ॲसबेस्टॉस तंतूंनी होतो तसाच दाह झाला, तशाच गाठी आल्या. आखूड, गुंता झालेल्या नळ्यांनी मात्र तसं काही केलं नाही. पदार्थ तोच, शुद्ध कार्बन. एक सुईसारखा, दुसरा लोकरीच्या गुंड्यासारखा. २०१४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नळ्यांच्या एका ठरावीक प्रकारालाच ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ या यादीत घातलं, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हटलं. ‘कार्बन नॅनोनळ्या धोकादायक आहेत का?’ हा प्रश्नच मुळात ‘झाडं विषारी असतात का?’ असं विचारण्यासारखा आहे. कोणतं झाड, कोणता भाग, कोणी खाल्ला? आणि कॅलेंडरही इथे आपल्या बाजूने नाही. या नळ्या कारखान्यांतून टनांनी बाहेर पडायला लागल्या त्या २००० नंतर. ॲसबेस्टॉसचा हिशेब लावला तर त्या कामगारांच्या नोंदी आज ठेवायला हव्यात, म्हणजे चाळीस वर्षांनी कोणाला तरी त्या वाचता येतील. असल्या संशोधनाला पैसा मिळवणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको. निकाल येईल तेव्हा आजचा मंत्री नसेल, प्राध्यापकही नसेल.

उंदरांना बाजूला ठेवून बशीतल्या पेशींवर झटपट चाचणी का करत नाहीत? करतात की. आणि तिथेच हे कण शास्त्रज्ञांना असे फसवतात की वाचताना हसू येतं. पेशी जिवंत आहेत की मेल्या हे पाहायला एक पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करते, जितका जांभळा तितक्या पेशी जिवंत. जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २००६ मध्ये कार्बनच्या नळ्या घालून पाहिलं, तर जांभळा रंग निम्म्यावर आला. निम्म्या पेशी मेल्या? त्यांनी दुसरा रंग वापरला, तर सगळ्या ठणठणीत! झालं असं होतं की जांभळे स्फटिक नळ्यांना चिकटून बसले होते आणि मोजणीत येतच नव्हते. पेशींना काही झालं नव्हतं, चाचणीच बाद झाली होती. त्याआधी अशा चाचण्यांवर बेतलेले किती निष्कर्ष छापून गेले असतील, याचा विचार करून त्या मंडळींना घाम फुटला असणार.

दुसरी फसवणूक तरंगण्याची. साधं रसायन पाण्यात विरघळून सगळीकडे सारखं पसरतं, पण कण जड असले तर तळाला बसतात, हलके असले तर वरच घुटमळतात. पेशी असतात बशीच्या तळाला चिकटलेल्या. बाटलीत किती घातलं ते ठाऊक असतं, पेशीपर्यंत किती पोचलं ते ठाऊक नसतं. काही संशोधकांनी तर पेशी छताला उलट्या टांगून प्रयोग केले, निकाल वेगळे आले. पुन्हा तोच शब्द, किती.

तिसरी फसवणूक वेषांतराची, आणि मला ही सर्वांत मोहक वाटते. नॅनोकण रक्तात उतरला की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्याच्याभोवती गोळा होतात. डब्लिन आणि लुंडच्या शास्त्रज्ञांनी २००७च्या सुमारास या वेढ्याला ‘प्रथिनांचा किरीट’ असं नाव दिलं. यकृताची पेशी पाहते तो हा किरीट, आतलं सोनं की चांदी तिला कळतही नाही. श्वासावाटे आलेला कण एक किरीट घालतो, पोटातून आलेला दुसरा. म्हणून कारखान्यातून निघालेल्या कणाचं वर्णन पुरत नाही, वाटेत त्याने काय काय पांघरलं तेही लिहावं लागतं. आणि पुण्यातला ‘तीस नॅनोमीटरचा सोन्याचा कण’ आणि म्युनिकमधला कण एकच आहे की नाही, हे ठरवायला प्रमाण नमुने लागतात, सोनाराच्या कसोटीसारखे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००८ मध्ये दहा, तीस आणि साठ नॅनोमीटरचे सोन्याचे असे कण उपलब्ध करून दिले. सोन्याचं काम भागलं, पण बाजारात सोन्याखेरीज शेकडो पदार्थ आहेत.

आता नावाची एक कथा. २००६ च्या मार्चअखेर जर्मनीत न्हाणीघराच्या काचा-फरशा पुसायचा ‘मॅजिक नॅनो’ नावाचा फवारा बाजारात आला. थोड्याच दिवसांत शंभराच्या आसपास लोकांना धाप लागली, काहींच्या फुप्फुसात पाणी होऊन त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. नॅनोतंत्रज्ञानाचा पहिला बळी म्हणून जगभर बोंब झाली. तपासणी झाली, आणि डब्यात नॅनोकण सापडलेच नाहीत! नाव फक्त काचेवर बसणाऱ्या पातळ थरावरून दिलेलं. दाबाच्या डब्यातून उडणारे थेंब फार बारीक होते, ते खोल शिरले, असा संशय उरला. तेच उत्पादन साध्या पिचकारीच्या बाटलीत विकलं जात असताना तक्रार नव्हती. मला ही गोष्ट उलटसुलट दोन्हीकडून आवडते. नॅनो छापलं होतं तिथे नॅनो नव्हतं. आणि कित्येक उन्हापासूनच्या क्रीममध्ये होतं, तिथे ते छापलेलं नव्हतं. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांपुढे कंसात ‘नॅनो’ लिहिणं २०१३ पासून सक्तीचं झालं.

खाण्याच्या पदार्थांतला पांढरा रंग ई१७१, म्हणजे पुन्हा आपलं टायटॅनियम डायऑक्साइडच, याबाबत तर जाणत्यांमध्येच मतभेद आहेत. त्यात नॅनो आकाराच्या कणांचाही वाटा असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं की तो जनुकांना इजा करत नाही असं आता खात्रीने म्हणवत नाही, आणि २०२२ पासून तिथे तो खाण्यातून बाद झाला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने जवळपास त्याच पुराव्यावरून काळजीचं कारण नाही असा निष्कर्ष काढला. यात कोणी लबाड आहे असं मला वाटत नाही. पुराव्यात भोकं असतात तेव्हा एक माणूस भोकाकडे बोट दाखवतो, दुसरा कापडाकडे.

कणाचा प्रवास आपल्या शरीराशी संपत नाही. वास येऊ नये म्हणून मोज्यांत चांदीचे नॅनोकण घालतात, कारण चांदी जंतूंना मारते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात २००८ मध्ये असे मोजे पाण्यात घुसळून पाहिले. काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली, काहींतली जागची हलली नाही. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले. निघालेली चांदी गटारात जाते, आणि तिथे एक अशी गोष्ट घडते जी देवघर घासणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. चांदीचं निरांजन हवेतल्या गंधकाने काळं पडतं, तसेच हे कण सांडपाण्यातल्या गंधकाशी मिळून चांदीचं सल्फाइड होतात, आणि ते फारसं विरघळत नाही म्हणून विषारीपणा बराच ओसरतो. म्हणजे नदीतल्या माशासाठी विकतच्या चांदीची चाचणी घेऊन भागायचं नाही, गटारातून पार झालेल्या काळ्या चांदीची घ्यायला हवी.

आपल्या शेतापर्यंत हा विषय २०२१ मध्ये आला, नॅनो युरियाची बाटली घेऊन. गोणीऐवजी अर्धा लिटर, पंपात मिसळून पानांवर फवारायचं. त्याने पीक किती वाढतं यावर वाद चालू आहेत, ते इथे नकोत. मला प्रश्न पडतो तो पंप पाठीवर घेतलेल्या माणसाचा. युरिया खरं तर पाण्यात सहज विरघळतो, मग त्या पाण्यात कण उरतो तो कशाचा, त्यावर लेप कोणता, किती काळ टिकतो? आणि नोझलमधून उडणारा थेंब केवढा? नाकापर्यंत पोचतो तो थेंब, सुटा कण क्वचितच. जर्मनीतल्या त्या डब्याची आठवण ठेवली तर हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ती कीटकनाशकं होती, नॅनोचा तिथे काही संबंध नव्हता. पण आपल्याकडे फवारणारा माणूस वाऱ्याच्या दिशेचा, हातमोज्यांचा, मास्कचा काय हिशेब ठेवू शकतो, हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिलं. केंद्राने २०१६ मध्ये प्रयोगशाळा-कारखान्यांसाठी आणि २०२० मध्ये शेती व अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद चांगला आहे. आता भादव्यातल्या उन्हात, कपाशीच्या तासात, त्या माणसाच्या कॉलरपाशी हवा मोजणारं कोणीतरी हवं.

कॉलर म्हणतोय ते उगीच नाही. कामगार काय श्वासात घेतो हे मोजायची पद्धतच तशी आहे. कमरेला छोटा पंप, कॉलरला गाळणीची डबी, मध्ये रबरी नळी. २००६ साली अँड्र्यू मेनार्ड आणि आणखी तेरा शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये नॅनोसुरक्षेची पाच आव्हानं मांडली, त्यात पहिलंच होतं हवेतले आणि पाण्यातले हे कण मोजणाऱ्या उपकरणांचं, मुदत तीन ते दहा वर्षांची. मुदत केव्हाच टळली. उपकरणं सुधारली, हातात मावू लागली, पण कण कोणता ते जागच्या जागी सांगणारी स्वस्त डबी कॉलरवर अजून आलेली नाही.

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने २०१३ मध्ये कार्बन नळ्यांसाठी कामाच्या जागची शिफारस केली, एक घनमीटर हवेत एक मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या पाळीची सरासरी. पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढतो असं धरा. आठ तासांत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. मर्यादेला टेकलेल्या कारखान्यात दिवसभराच्या गाळणीवर जमणार एक मायक्रोग्रॅम कार्बन. साखरेचा एक दाणा काही शे मायक्रोग्रॅमचा असतो, त्याचा हा शेकड्यातलाही एक भाग नव्हे. मग बरोबर एकच का? त्याच्या तीन वर्षं आधीच्या त्यांच्या मसुद्यात हा आकडा सात होता. फुप्फुसाने सहावरून तक्रार केली म्हणून तो खाली आला, असं नाही. मोजण्याची रीत सुधारली, एकपर्यंत खात्रीने वाचता येऊ लागलं, म्हणून आकडा एकवर आला. त्याखालीही थोडा धोका उरू शकतो, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

ती मोजण्याची रीतही मूळची नळ्यांसाठी नव्हतीच, खाणींतल्या आणि गोदामांतल्या डिझेलच्या काजळीसाठी बसवलेली होती. गाळणी भट्टीत तापवून जळणारा कार्बन मोजते, नळीचा आणि काजळीचा भेद तिला कळत नाही. म्हणून नमुना घेणारा माणूस पाळी सुरू व्हायच्या आधी दुसरी एक डबी कारखान्याच्या बाहेर टांगून येतो, आणि फाटकाशी इंजिन चालू ठेवून ट्रक उभा आहे का, ते वहीत लिहून ठेवतो.